हातातली कुंडी काढून घेणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या नर्सरीत रोज एवढी माणसं येतात, मी लक्षात असेन असं नाही. गेल्या मे महिन्यात कडेवर दोन वर्षांची पोर आणि हातात सिंगोनियमची कुंडी घेऊन आले होते, ती मी. तुम्ही आधी कुंडी काढून घेतलीत. "हे पोरांच्या हाताशी नको ताई, पान चावलं तर तोंडाची आग आग होते." आणि मग विचारलंत, "अंगणात ऊन किती वेळ असतं?"

मामा, हे आजवर आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. गोडोलीतलं आमचं मागचं अंगण म्हणजे जुन्या आंब्याखालची काळी माती. पाऊस लागला की गणपतीपर्यंत नुसता राडा. सासूबाई दोरीवरचे कपडे काढताना घसरल्या, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हापासून मागच्या दाराला कडीच. दोनदा लॉन लावली, दोन्ही वेळा दिवाळीच्या आत पिवळी पडली. हरळीला सहा तास तरी ऊन हवं आणि आमच्याकडे सकाळचं जेमतेम दीड तास, हे तुमच्याकडे कळलं.

तिसरी लॉन तुम्ही सहज विकू शकला असता. त्याऐवजी, "आधी पाण्याला वाट करा, मग रोपं न्यायला या," म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलंत. त्या दिवशी खरं तर राग आला होता.

पण केलं सगळं तुम्ही सांगितलं तसंच. भिंतीकडेने फूटभर खोल चर, त्यात खडी, दहा फुटांना अडीच इंच उतार, पाणी केळीच्या आळ्यात. आंब्याची जाड मुळी आडवी आली तिथे चर वळवला, मुळी तोडली नाही. रोजच्या वाटेवर शहाबादीचे तुकडे, खडबडीत बाजू वर. झोपाळ्याखाली काही जगणार नाही म्हणालात, तिथे वाळू. रात्री तिच्यावर ताडपत्री, मांजरांनी घाण करू नये म्हणून. उरलेल्या जागेत वीत-वीत अंतरावर ब्राह्मी. दोन महिने पाय पडू द्यायचा नव्हता, ते मात्र फार जड गेलं. जुन्या साडीचा काठ बांधून अडवलं होतं, पोर रोज त्याला धरून उभी राहायची.

आता ब्राह्मीचे धुमारे फरशीच्या फटीत शिरलेत, पेरापेराला मुळं धरलीत. काल पाऊस उघडल्यावर लेक अनवाणी उकिडवी बसून त्या गोल पानांवरचे थेंब बोटाने फोडत होती. उठली तेव्हा तळपाय ओले होते, चिखल नव्हता. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. कडी आता फक्त रात्री लागते.

मामा, मनापासून आभार. तुमचे रोपांचे चार ट्रे अजून माझ्याकडेच आहेत. रविवारी आणून देते, ब्राह्मीने भरून.

तुमची,
गोडोलीची ताई