शीतखोल्यांच्या कॅलिब्रेशनमध्ये सेन्सरच तपासला नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, कॅलिब्रेशन सेवा विभाग

विषय : चार शीतखोल्यांच्या तापमान कंट्रोलरची प्रमाणपत्रे मागे घेऊन कॅलिब्रेशन पुन्हा करून देण्याबाबत.

महोदय,

आपल्या तंत्रज्ञांनी आमच्या तीन चिलर (खोली १ ते ३) आणि एका फ्रीझर खोलीचे कॅलिब्रेशन (दाखवलेले तापमान खरे आहे का याची तपासणी) करून चारही कंट्रोलरना 'योग्य' असा शेरा दिला. ही प्रमाणपत्रे आम्हाला स्वीकारता येत नाहीत.

काम झाले ते असे : पॅनेलमधल्या टर्मिनलवरून सेन्सरच्या तारा काढल्या, तिथे सिम्युलेटर (सेन्सरऐवजी ठरावीक विद्युत रोध देणारे उपकरण) जोडला आणि २५, ५० व १०० अंश सेल्सिअसइतका रोध देऊन डिस्प्लेवरचे आकडे टिपले. यातून फक्त कंट्रोलरचे इलेक्ट्रॉनिक्स तपासले गेले. खोलीत बसलेला पीटी-१०० सेन्सर (तापमानानुसार रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर), त्याची केबल आणि वाटेतले सांधे यांना हातही लागला नाही. चूक बहुतेक वेळा तिथेच असते. शिवाय आमचा वापर उणे २२ ते अधिक ८ अंशांत आहे. शंभर अंशांना बरोबर निघालेला आकडा उणे १८ बद्दल काय सांगणार?

प्रमाणपत्रे आल्यावर आम्ही चारही सेन्सर आपापल्या केबलसह बर्फात तपासले. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये दाबून भरला आणि फटी भरतील एवढेच पाणी घातले. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो आणि तळाशी शून्याहून उबदार थर साचतो, म्हणून जादा पाणी काढत राहिलो. प्रोब (सेन्सर बसवलेली नळी) तळाला न टेकवता १० सेंटिमीटर आत ठेवला आणि ढवळत आकडा स्थिरावल्यावर तीन वाचने घेतली. आमची मर्यादा ±०.५ अंश आहे. खोली १ आणि फ्रीझर तीत बसले. खोली २ चा डिस्प्ले उणे १.३ दाखवत होता आणि खोली ३ चा अधिक १.८.

खोली ३ चे कारण सरळ आहे. सेन्सर दोन तारांवर जोडलेला आहे. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १० मीटर जाऊन परत, म्हणजे सुमारे ०.७ ओहम. पीटी-१०० चा रोध अंशामागे सुमारे ०.३९ ओहम बदलतो, म्हणजे १.८ अंशांची वाढ नुसत्या तारेची. कंट्रोलरमध्ये तारेचा रोध वगळणारी तीन तारांची सोय असूनही तिसऱ्या टर्मिनलवर जंपर (दोन टर्मिनल थेट जोडणारा तुकडा) टाकलेला आहे. सिम्युलेटर जोडताना तो तंत्रज्ञांच्या डोळ्यांसमोरच होता. हा दोष आकडा वाढवतो, खोली प्रत्यक्षात जास्त थंड राहते. वीज वाया जाते, बाष्पकाजवळचा (खोली थंड करणाऱ्या कॉइलजवळचा) माल गोठू शकतो, पण अन्न असुरक्षित होत नाही.

खोली २ चा दोष मात्र गंभीर आहे. प्रोबच्या टोपणातून ओल आत गेली आहे. तार आणि आवरण यांच्यातला रोध १०० व्होल्ट डीसीवर अवघा २० किलोओहम भरला, तो सुस्थितीत १०० मेगाओहमच्या वर असायला हवा. ओलीतून विजेला समांतर वाट मिळते, मोजलेला रोध घटतो आणि डिस्प्ले खरे तापमान लपवून कमी आकडा दाखवतो. डिस्प्लेवर ४.० असेल तेव्हा सेन्सरपाशी ५.३ असते. ५ अंशांची मर्यादा ओलांडली तरी अलार्म वाजत नाही आणि नोंदवहीतले सगळे आकडे निर्दोष दिसतात. अशा खोलीवर 'योग्य' हा शेरा आहे.

सर्वांत जास्त अडचण खोली १ ने केली आहे, जी आज बरोबर दाखवते. तिचा ऑफसेट (डिस्प्लेच्या आकड्यात मिळवली जाणारी दुरुस्ती) आधी ०.० होता, आता ०.७ आहे. तंत्रज्ञांनी तो बदलला, पण जुळवणीपूर्वीच्या वाचनाचा रकाना कोरा सोडला. जुळवणी केली असल्यास आधीचे आणि नंतरचे निकाल, उपलब्ध असतील तर, प्रमाणपत्रात देणे आयएसओ/आयईसी १७०२५ (कॅलिब्रेशन प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे आवश्यक आहे. आधीचे वाचन घेतल्याशिवाय ०.७ हा आकडा सुचणार नाही, म्हणजे ते उपलब्ध होते. आम्हाला ते हवेच आहे. डिस्प्ले खरोखर ०.७ कमी दाखवत असेल, तर ४.५ नोंदलेल्या तासांत खोली ५.२ वर होती आणि मागच्या कॅलिब्रेशनपासून तिथे ठेवलेल्या प्रत्येक खेपेचा फेरविचार करावा लागेल. आज काटा जुळवून दिल्याने कालच्या मालाचा प्रश्न सुटत नाही.

प्रमाणपत्रावर मोजमापाची अनिश्चितता (खरा आकडा किती कमीजास्त असू शकतो ती मर्यादा) ±०.८ अंश लिहिली आहे. ±०.५ ची मर्यादा तपासताना एवढ्या अनिश्चिततेवर 'योग्य' म्हणण्याला आधार उरत नाही. संदर्भ उपकरणाचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीखही दिलेली नाही.

चारही प्रमाणपत्रे रद्द करावीत. सेन्सर, केबल आणि कंट्रोलर एकत्र ठेवून, ढवळत्या द्रवाच्या बाथमध्ये उणे २०, ० आणि अधिक ५ अंशांवर तपासणी करावी. आमचे प्रोब ६ मिलिमीटर जाडीचे आहेत, ते निदान १० सेंटिमीटर बुडालेले असावेत. ऑफसेटला हात लावण्यापूर्वीचे वाचन लिहावे आणि अनिश्चितता ०.२ अंशाच्या आत असावी. खोली १ चे जुळवणीपूर्व वाचन तंत्रज्ञांच्या कच्च्या नोंदीतून दोन दिवसांत कळवावे, त्यासाठी पुन्हा भेटीची वाट पाहू नये. खोली २ चा प्रोब आम्ही बदलत आहोत. जुना सीलबंद ठेवला आहे, आपल्याला पाहता येईल.

नवी प्रमाणपत्रे मिळेपर्यंत या कामाचे बिल मंजूर होणार नाही.

आपले,
गुणवत्ता नियंत्रण विभाग

सोबत : चारही प्रमाणपत्रांच्या प्रती, बर्फातील वाचनांचा तक्ता, खोली ३ च्या टर्मिनलचे छायाचित्र.