खा आणि मेरितला भेटून ये

सांगली,
सर्वपित्रीचा दुसरा दिवस

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आजी आता कुठे असेल गं?" आणि मी तुला "जेवलीस का?" म्हणून विषय बदलला. अठ्ठावीस वर्षं हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, पण पोरांनी अवघड काही विचारलं की खडू शोधत बसायची सवय अजून गेलेली नाही. गेलेली आजी कुठे आहे ते मला खरंच ठाऊक नाही. पण इटलीत तोरिनोला जाऊन वर्ष झालं तरी तू तिथल्या इजिप्शियन म्युझियमला गेलेली नाहीस, हे कळल्यापासून मला चैन नाही. १८२४ सालचं म्युझियम ते, लोक त्याच्यासाठी कुठून कुठून तोरिनोला येतात. तू तिथे राहतेस आणि रविवारी कपडे धुतेस!

तुला मुंबईचं आठवतं? २०१२ च्या थंडीत शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमची ममी आली होती. नेस्पेरेन्नुब, इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला पुजारी, इसवी सनापूर्वी ८०० च्या आसपासचा. पट्ट्या न सोडता स्कॅन करून आतला माणूस पडद्यावर दाखवत होते आणि आपण थ्रीडीचे चष्मे लावून बसलो होतो. त्याच्या डोक्याला मागून एक मातीची ओबडधोबड वाटी चिकटलेली निघाली. राळ ओतताना ओघळ धरायला कुणीतरी ती ठेवली असावी, राळ वाळली, वाटी निघेना, आणि कारागिरांनी तसंच गुंडाळून मोकळं केलं. तू अकरा वर्षांची. खुर्चीतून पडायचीच बाकी होतीस हसून. मग बाहेर पायऱ्यांवर एकदम गप्प होऊन विचारलंस, "तो अजून आत आहे का?"

मी तेव्हा काय उत्तर दिलं माहितीये? "आत्मा शरीरात परत येतो असं ते मानत, म्हणून ममी करत." हेच वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. निवृत्तीनंतर जरा निवांत वाचायला लागले तेव्हा कळलं, त्या वाक्यातला 'आत्मा' हा शब्दच घोटाळ्याचा आहे. आपल्याला आत्मा म्हटलं की एकच एक, न जळणारं, न भिजणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं आणि शरीर म्हणजे विरलेलं लुगडं. त्यांच्याकडे असा हिशेब नव्हताच. माणूस अनेक गोष्टींचा मिळून झालेला: शरीर, हृदय, नाव, सावली, शिवाय 'का' आणि 'बा'. आता हसू नकोस. त्यांचा 'का' म्हणजे प्रश्न नाही, आणि 'बा' म्हणजे बाप नाही.

'का' ही जगवणारी शक्ती. ख्नूम नावाचा मेंढ्याच्या डोक्याचा देव कुंभाराच्या चाकावर माणसाचं शरीर घडवतो, आणि शेजारी त्याच मातीचा त्याचा का. माणूस मेल्यावरही का असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला भूक लागते. थडग्यात भाकरी नि बिअर ठेवायची ती त्याच्यासाठी. पण पुढची पिढी किती दिवस आणून ठेवणार? हे त्यांनाही कळत होतं, म्हणून थडग्याच्या दाराशी कोरून ठेवायचे: अहो, या वाटेने जाणाऱ्या माणसांनो, तुम्हाला जगणं आवडत असेल तर एवढं म्हणा, अमक्याच्या का साठी हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर, हजार बैल, हजार पक्षी. तुमच्या पदरचं काही जाणार नाही, नुसता तोंडचा वारा. नाव घेऊन म्हटलं की ते पोचलं! मला हे फार आवडतं. सोनंनाणं मागत नाहीत, रस्त्याने जाणाऱ्याकडून एक श्वास मागतात. आणि म्हणूनच कुणाचा सूड घ्यायचा तर त्याचं नाव छिन्नीने खरवडायचं. हातशेप्सुत राणीचं तसं खरवडलं, अखेनातेन राजाचंही.

'बा' म्हणजे माणसाचं तोंड असलेला पक्षी. दिवसा थडग्यातून उडून बाहेर जायचा, उन्हात हिंडायचा, रात्री आपल्याच शरीराशी परतायचा. शरीर ओळखू आलं पाहिजे, म्हणून सत्तर दिवसांचा तो सगळा खटाटोप, खार भरून वाळवणं, पट्ट्या, तोंडावर मुखवटा.

काल गच्चीवर पान ठेवलं होतं तेव्हा हा बा माझ्या डोक्यात होता. तुझ्या मामाला म्हटलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपला कावळाच की." नाही रे बाबा. आपला कावळा कावळाच असतो, आजीचं तोंड घेऊन येत नाही, आणि शिवला की आपण सुटकेचा श्वास सोडतो, कारण गेलेल्याने पुढे जावं अशीच आपली इच्छा. दहाव्याला तो शिवेना तेव्हा सगळे कसे घामाघूम झाले होते ते मी तुला सांगितलंच नाही. शेवटी मी मनात म्हटलं, सईची परीक्षा झाली की तिला बोलावते, आणि शिवला. योगायोग म्हण. इजिप्तच्या माणसाला मात्र हे सगळंच उलटं वाटलं असतं. त्याचा पक्षी गेला आणि संध्याकाळी परत आलाच नाही, तर घात झाला.

हृदयाची गोष्ट तुला ठाऊक आहे, मेल्यावरच्या तराजूची. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात मातचं पीस, म्हणजे सत्याचं, नीट चाललेल्या जगाचं. अनुबिस देव काटा बघतो, थोथ देव नोंद करतो, आणि बाजूला अम्मित टपून बसलेली, तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड निघालं तर ते तिच्या घशात, आणि माणूस कायमचा संपला. त्याआधी बेचाळीस देवांपुढे म्हणायचं: मी चोरी केली नाही, मी कुणाला रडवलं नाही, मापात खोट केली नाही, लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही, वाहत्या पाण्याला बांध घातला नाही. हे शेवटचं वाचून मी थांबले. आपल्याकडच्या पाटावर उन्हाळ्यात हे वाक्य किती जणांना म्हणता येईल?

पण वर्गात मी कधीच न सांगितलेली गोष्ट पुढे आहे. ममी करताना मेंदू नाकातून काढून टाकून देत. हृदय मात्र जागच्या जागी ठेवत, कारण बुद्धी आणि आठवण तिथेच असते असं ते मानत. म्हणजे माणसाने काय काय केलंय ते हृदयाला सगळं माहीत. मग त्यांनी काय करावं? हिरव्या दगडाचा एक भुंगा करून छातीवर ठेवायचा आणि त्यावर कोरायचं: माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. मी कुणाला रडवलं नाही, असं देवांना सांगायचं, आणि हळूच हृदयाला म्हणायचं, तू गप्प बस! एवढा भव्य न्यायनिवाडा आणि त्यात ही पोरवयातली कुजबुज. तू काचेचा कप फोडून माझ्या नजरेला नजर न देता उभी राहायचीस, ते आठवलं.

परलोकासाठीचे असे मंत्र सुरुवातीला फक्त राजासाठी होते. सक्कारातल्या उनास राजाच्या पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर ते कोरलेले आहेत, इसवी सनापूर्वी २३५० च्या सुमाराचे. पुढे सरदारांच्या शवपेट्यांवर उतरले, आणि मग पपायरसच्या कागदाच्या गुंडाळ्यांवर, ज्याला परवडेल त्याच्यासाठी. लंडनला अनी नावाच्या लेखनिकाची अशी गुंडाळी आहे, जवळजवळ चोवीस मीटर लांब, आणि तिच्यात त्याचं नाव बऱ्याच ठिकाणी मागाहून भरलेलं दिसतं. मजकूर तयार, नावापुरती जागा रिकामी. आपल्याकडच्या छापील अर्जासारखं.

आणि परलोक कसला म्हणशील, तर बोरूचं रान, मधून पाट, आणि शेती! जव पाच हात उंच येतं, एवढाच फरक. मग तिथेही राबायचं का? त्यावर तोड म्हणून शाब्ती, छोट्या बाहुल्या, मालकाला कामाला बोलावलं की "मी आलो" म्हणून उठायच्या. ऐपत असेल तर वर्षाच्या दिवसांना ३६५, आणि दर दहांमागे एक असे छत्तीस मुकादम. मेल्यावरसुद्धा गडी आणि त्यांच्यावर मुकादम! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला याचं हसू येतं आणि जरा वाईटही वाटतं.

सगळ्यांचा यावर विश्वास होता असंही समजू नकोस. वीणा वाजवणाऱ्याचं एक जुनं गाणं आहे, त्यात तो सरळ म्हणतो की तिथून कुणी परत आलेलं नाही आणि कुणी आपली चीजवस्तू बरोबर नेलेली नाही, तर आजचा दिवस साजरा कर. हे गाणं म्हणे राजाच्या थडग्यात कोरलेलं होतं.

आता तुझ्या गावातल्या माणसांकडे येते. इजिप्तमध्ये लक्सरच्या समोर, नाईलच्या पलीकडच्या काठाला दैर अल्-मदीना नावाची वस्ती होती, राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची. तिथला कामांवरचा मुख्य माणूस 'खा' आणि त्याची बायको मेरित. १९०६ च्या फेब्रुवारीत इटालियन संशोधक एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांना त्यांचं थडगं सापडलं, चोरांचा हात न लागलेलं, आणि आतला जवळजवळ सगळा संसार तोरिनोला आला. नावच खा, आणि भाकऱ्याही तशाच, तीन हजार चारशे वर्षांच्या! पलंग, स्टुलं, मद्याचे कुंभ, मीठ, सोंगट्यांचा पट, त्याची मोजपट्टी, तिचा केसांचा टोप. आणि एक गोष्ट तिथे उभी राहून बघ. मेरित आधी गेली, तिची शवपेटी अजून झालेली नव्हती. खाने स्वतःसाठी केलेली पेटी तिला दिली. तिच्यावर नाव त्याचंच आहे. ती पेटी तिला मोठी झाली, म्हणून रिकाम्या जागेत कापडं भरली आहेत, त्याच्या खुणेची, त्याच्या घरातली. दोघांच्याही पट्ट्या अजून कुणी सोडलेल्या नाहीत.

मेलेल्यांना ते पत्रंही लिहीत. हॉलंडमध्ये लायडनला एका विधुराचं पत्र आहे, आंखिरी नावाच्या बायकोला. मी तुझं काय वाईट केलं म्हणून तू मला छळतेस? आजारी पडलीस तेव्हा मोठा वैद्य आणला, गेलीस तेव्हा घरासमोर सगळ्यांबरोबर रडलो, तीन वर्षं एकटा राहतोय. अगदी भांडणाच्या सुरात. पण माझं आवडतं पत्र काऊ गावचं, चार हजार वर्षांपूर्वीचं, एका वाडग्यावर लिहिलेलं. आतल्या बाजूला बापाला, बाहेरून आईला. शेप्सी नावाच्या मुलाचं. जमिनीचा तंटा चाललाय, मदत कर म्हणतो. आणि आईला आठवण करून देतो: तू म्हणाली होतीस, मला लावे पक्षी आण, खायचेत. मी सात आणले आणि तू ते खाल्लेस.

तू डिसेंबरात आलीस तेव्हा आजीला ते हेझलनटचं चॉकलेट आणलं होतंस. दात नसताना तिने अख्खं चघळून संपवलं, मला एक तुकडा दिला नाही. सोनेरी कागद घडी करून सुपारीच्या डब्यात ठेवलाय, काल सापडला. मी तो तिथेच राहू दिला.

रविवारी जा. तिकीट आधी काढ, रांग असते. मेरितच्या टोपाचा फोटो पाठव, फ्लॅश मारू नकोस. आणि त्या दोघांपुढे कुणी नसेल तर हळूच हजार भाकऱ्या म्हण. मराठीत म्हटलंस तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. भडंग पाठवलंय. शेंगदाणे आधी वेचून खाऊ नकोस.