पंखा बंद करणाऱ्या भाऊंना

भाऊ,

त्या दिवशी तुमच्या स्टुडिओतून निघताना नीट आभारही मानले नाहीत. घसा दाटला होता. मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी घामाबरोबर डोळेही पुसून घेता येतात, तेवढंच बरं.

तुमच्याआधी दोघांनी माझ्या अकिकांचे, म्हणजे पट्टेदार दगडांच्या दागिन्यांचे, फोटो काढले. एकानं समोरून फ्लॅश मारला, प्रत्येक दगडाच्या कपाळावर पांढरा ठिपका. दुसऱ्यानं रंग इतके चढवले की मधासारखं तपकिरी पेंडंट लालभडक झालं. गिऱ्हाईकानं ते परत पाठवलं, वर विचारलं, "रंगवलेला आहे ना?" बाजारात रंगवलेला अकीक ढिगानं मिळतो, म्हणून तर मी गुजरातेतल्या खंभातहून न रंगवलेले तुकडे निवडून आणते, तांब्याच्या तारेत एकेक गुंफते. आणि लबाड ठरले मी! फोटोवाल्याला सांगितलं तर म्हणे, "ताई, शेवटी दगडच ना तो?" पैसे मात्र दागिन्याचे घेतले होते.

तुम्ही कॅमेऱ्याला हातच लावला नाही आधी. पेंडंट खिडकीशी धरलंत, दगडातल्या पट्ट्यांतून उजेड आरपार आला आणि तुम्ही म्हणालात, "हाई ते चित्र शे!" मग खिडकीला बटर पेपर लावला, पेंडंट दोऱ्यानं टांगलं. ते हलायला लागलं. तुम्ही वर बघितलंत, उठलात आणि पंखा बंद केलात.

दोन तास. सतरा नग. थेंब दगडावर पडू नये म्हणून गळ्याला टॉवेल गुंडाळून बसलात. मी मध्येच म्हटलं, लावा ना थोडा वेळ. "हाललं की पट्टे पुसट येतात," एवढंच बोललात. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सिलिकाचे थर साचून ते पट्टे बनतात, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय. पण त्यांची एवढी अदब राखणारं माणूस पहिल्यांदाच बघितलं. हुशार फोटोग्राफर पुष्कळ असतील हो. दुसऱ्याच्या कामासाठी स्वतः उकडून घेणारे कुठे सापडतात? आणि बिल देताना त्या दोन तासांचा उच्चारही नाही!

नव्या फोटोंतलं तेच तपकिरी पेंडंट परवा विकलं गेलं. बाईंचा निरोप आला, "फोटोत होतं तसंच आहे."

पुढच्या आठवड्यात शेवाळी अकीक घेऊन येते. त्यातल्या हिरव्या रेषा फार बारीक आहेत, पंखा बंदच ठेवावा लागणार. येताना मठ्ठ्याची बरणी आणते, नको म्हणू नका.

तुमची,
दगडवाली ताई