चर्चच्या शाळेतली बालवाडी नेमकी कोणाची?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात धर्मग्राम (म्हणजे एका चर्चचं गाव) तिथे शाळा, अशी जुनी रीत आहे. त्यातल्या अनेक शाळा मराठी माध्यमाच्या आणि अनुदानित. ख्रिस्ती मुलांच्या शेजारी आगरी, वारली आणि हल्ली उत्तरेकडून आलेल्या मजुरांची मुलंही तिथे बसतात. अशाच एका शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळत मी निवृत्त झाले. माझं गाऱ्हाणं आपल्या खात्याबद्दल आहे आणि आमच्या चर्चच्या संस्थाचालकांबद्दलही.

पहिली ते चौथीच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्याच आवारातल्या बालवाडीच्या ताईंना मात्र फीतून जे उरेल ते मिळतं, आणि ते सांगायलाही लाज वाटावी इतकं असतं. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, पहिलीचा वर्ग आपल्याकडे. मधली ही बालवाडी कोणाकडेच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. ताईंच्या पगाराला त्याचा पत्ता नाही.

ताईंचं काम किती नाजूक असतं, ते पहिलीच्या बाईंना विचारा. आमच्या कुपारी ख्रिस्ती घरांत सामवेदी बोली बोलतात, वारली मुलांची बोली निराळी, कुणाच्या घरी भोजपुरी. तीन वर्षांच्या पोराला शाळेतली मराठी परकीच असते. ताई गावातली असली की पोटात दुखतंय, शू लागलीय हे ते आपल्या बोलीत सांगतं. मग गाण्यांतून, गोष्टींतून हळूहळू मराठीकडे सरकतं. असं मूल पहिलीत आलं की दिवाळीपर्यंत सोपे शब्द वाचायला लागतं. ज्याच्या वाट्याला हे येत नाही, त्याचं अर्धं वर्ष बाई काय म्हणतात ते उमगण्यातच जातं. निपुण भारत अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, हिशेब करता यावा असं ठरलंय. मूल मागे पडायला सुरुवात होते ती बालवाडीत, आणि तिथे आपला अधिकारी फिरकत नाही.

आता आमच्या लोकांचं. पालकांना इंग्रजी हवं म्हणून त्याच आवारात इंग्रजी नर्सरी निघते. तिसऱ्या वर्षीच चार रेघी वही, गृहपाठ, टाय. चिंचोके मोजणं, मातीत खेळणं म्हणजे वेळ घालवणं, असा समज. त्या नर्सरीतली मुलं मराठी पहिलीत येत नाहीत. पट घसरतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरते तेव्हा, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं दुसरीकडे समायोजन होतं आणि उरलेले दोघे चार वर्ग हाकतात. त्यात निवडणुकीची कामं आणि रोजची ऑनलाइन माहिती. मग लोक म्हणतात, मराठी शाळेचा दर्जा गेला!

आणि हे सगळं पालघर जिल्ह्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ मध्ये गावातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम उभं केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. खेड्यातल्या गरीब मुलांनाही शास्त्रशुद्ध बालशिक्षण देता येतं, तेही हाताशी असलेल्या साध्या वस्तूंतून, हे त्यांनी आमच्या शेजारी दाखवून दिलं होतं.

अल्पसंख्याक दर्जाचा मुद्दा टाळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाबद्दल शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. निकाल लागेल तेव्हा लागेल. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिलाय. अप्रशिक्षित माणसाला वर्गावर उभं करण्याची मुभा त्यात मला तरी दिसत नाही. शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आमच्या शिक्षकांनीही द्यावी, असं माझं मत आहे. गावात ते फारसं कुणाला आवडत नाही.

आपल्याकडे मागणं एवढंच. अनुदानित मराठी शाळेला जोडलेल्या बालवाडीतल्या एका प्रशिक्षित ताईचं मानधन सरकारने द्यावं, मग संस्था कोणाचीही असो. बदल्यात तिथे लेखन-गृहपाठाला बंदी घालावी आणि केंद्रप्रमुखांनी वर्षातून दोनदा तरी तासभर वर्गात बसावं, रजिस्टर न मागता. शाळेत दुपारचं जेवण देणाऱ्या पीएम पोषण योजनेत पहिलीच्या आधीची बालवाटिका धरली आहे, तर आमच्या पोरांचं नावही त्या यादीत लावून घ्यावं. पहिलीच्या वर्गातल्या खिचडीचा वास शेजारच्या खोलीत जातोच.

कधी वसईला येणं झालं तर अशा एखाद्या बालवाडीत जरूर डोकवा. फक्त आधी कळवू नका. कळवलंत की आठवडाभर स्वागतगीताचाच सराव चालतो. आणि सकाळी लवकर या, अकरानंतर पोरं पेंगायला लागतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वसई