छोट्या खरेदीदारालाही माल मिळू द्या

महोदय,

नवउद्योजकांसाठीच्या शिबिरांत भांडवल कसे उभारावे आणि माल कसा विकावा, यावर तासन् तास बोलले जाते. कच्चा माल आणि सुटे भाग आणायचे कुठून, हा विषय मात्र क्वचितच निघतो. आम्ही कुपवाडला बेदाण्याच्या काड्या काढून प्रतवारी करणारे छोटे यंत्र बनवतो. दोन-चार एकर बाग असलेल्या शेतकऱ्याला ते स्वतःच्या शेडवर चालवता येते. मागणी आहे, शेतकरी विचारत येतात. घोडे अडते ते पुरवठादारापाशी.

कोणाकडेही जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘महिन्याला किती नग?’ सध्या दहा-बारा, असे सांगितले की बोलणे तिथेच थांबते. बेअरिंगच्या हाउसिंगसाठी, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते त्या कवचासाठी, आम्हाला बिडाचे कास्टिंग (ओतीव भाग) लागते. कोल्हापूर-सांगलीचा हा सगळा पट्टा फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी, देशभर ओळखला जातो. तरीही दहा नगांसाठी साचे लावायला जवळपासचा कारखानदार तयार होत नाही. त्याचेही म्हणणे खोटे नाही. पॅटर्न (साचा ज्यावरून घेतात तो नमुना) बसवायचा, वाळूचे साचे करायचे, मोठ्या गिऱ्हाइकाचे काम थांबवायचे आणि हातात पडणार किती, तर काही किलो वजनाचे पैसे. मग आम्ही दूरच्या राज्यातून तेच कास्टिंग मागवतो. पूर्ण रक्कम आधी भरायची, वाहतूक आपली आणि नग सच्छिद्र निघाला तर परत पाठवण्याचा खर्च नगाच्या किमतीपेक्षा जास्त.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत हा प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही. बेदाणा ज्या चाळणीला आणि पत्र्याला थेट लागतो, तो पत्रा ३०४ ग्रेडचाच हवा. २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असते. तो स्वस्त पडतो, पण लवकर गंजतो. गंधकाची धुरी दिलेला ओलसर बेदाणा त्यावरून रोज फिरला, तर डाग पडायला वेळ लागत नाही. दोन्ही पत्रे दिसायला सारखेच, लोहचुंबकही दोन्हींना सहसा चिकटत नाही. खरी खात्री होते ती मिलच्या, म्हणजे पत्रा बनवणाऱ्या कारखान्याच्या, तपासणी दाखल्यावरून. पण पाच-सहा पत्रे घेणाऱ्याला व्यापारी तो दाखला देत नाहीत. ‘३०४च आहे, विश्वास ठेवा’ एवढेच उत्तर मिळते. खाण्याच्या जिनसेचे यंत्र अशा विश्वासावर शेतकऱ्याच्या गळ्यात घालायला आमचे मन धजत नाही.

सरकारने लहान उद्योगांसाठी काही केले नाही, असे मी म्हणणार नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने लहान विक्रेत्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक केले. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी आता २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. ही दोन्ही पावले मोलाची आहेत, पण दोन्ही विकणाऱ्यासाठी आहेत. विकण्याआधी विकत घ्यावे लागते आणि तिथे लहान माणूस एकटा पडतो. राष्ट्रीय लघु उद्योग निगमाची कच्च्या मालासाठी योजना आहे, पण ती बँक हमीवर चालते. नव्या माणसाकडे हमीपोटी ठेवायला काय असणार?

खरे तर याचे उत्तर शोधायला सांगली जिल्ह्याला बाहेर जावे लागू नये. एकेकट्या शेतकऱ्याच्या उसाला भाव मिळत नव्हता, म्हणून आपल्याकडे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तेच खरेदीत का होऊ नये? कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर इथल्या औद्योगिक वसाहतींत शेतीची आणि खाद्यप्रक्रियेची यंत्रे बनवणारे आमच्यासारखे लहान लोक आहेत. सगळ्यांना तोच पत्रा, तशाच मोटारी, तीच बेअरिंग लागतात. आठ-दहा जणांनी मिळून एकाच हीटचा (भट्टीतल्या एकाच घाण्याचा) पत्रा दाखल्यासह उचलला, तर दाखल्याची प्रत प्रत्येकाला मिळेल आणि दरही उतरेल. गरज आहे ती अशी मागणी गोळा करणाऱ्या, सगळ्यांचा विश्वास असलेल्या एका मध्यस्थाची. जिल्हा उद्योग केंद्र आणि वसाहतींमधील उद्योजक संघटना हे काम करू शकतात.

थोड्या नगांचे काम घ्यायला तयार असलेल्या कारखान्यांची यादीही त्यांनी करावी. लेझर कटिंग, टर्निंग, पावडर कोटिंग, कास्टिंग यांतले कोण काय करतो आणि कमीत कमी किती नग घेतो, एवढी माहिती पुरे. आज ती फक्त ओळखीने मिळते आणि नव्याची ओळख नसते. फाउंड्रीवाल्या ज्येष्ठ उद्योजकांनाही मनापासून विनंती आहे: महिन्यातला एखादा दिवस लहान पॅटर्नसाठी राखून ठेवा. दर थोडा जास्त लावा, आम्ही देऊ.

फेब्रुवारीपासून बेदाण्यासाठी शेडवर द्राक्षे वाळत पडू लागतात. त्या हंगामात यंत्र द्यायचे तर सुटे भाग दिवाळीपर्यंत हातात हवेत. म्हणून जिल्हा उद्योग केंद्राने या पावसाळ्यातच लहान उत्पादक आणि पुरवठादार यांची एक बैठक बोलवावी. बोलावणे आले तर आमच्या मागणीची यादी घेऊन आम्ही हजर राहू.

– एक लघुउद्योजक, कुपवाड (जि. सांगली)