व्हिडिओ एडिटिंगची फी घेण्याआधी संगणकाची माहिती द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की व्हिडिओ एडिटिंग शिकायचे ठरवणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक संगणकाबद्दल विचारायला माझ्याकडे येतात. मी बावीस वर्षे लग्नसमारंभांचे शूटिंग आणि मिक्सिंग करतो. दुर्दैवाने यांतील बरेच जण खरेदी झाल्यानंतर येतात, आणि तोवर बदलण्यासारखे फारसे काही हाती उरलेले नसते.

गेल्या जुलैमध्ये शेजारच्या गावातील एक विद्यार्थिनी वडिलांसह आली. जवळच्या एका दुकानातून त्यांनी ४२ हजारांचा लॅपटॉप हप्त्यांवर घेतला होता, आणि ‘आय-फाइव्ह आहे, सगळे चालते’ एवढेच दुकानदाराने सांगितले होते. यात्रेतील गजीनृत्याचे (धनगरांच्या ढोलावरील नृत्याचे) तिने फोनवर ४के या उच्च दर्जात केलेले चित्रीकरण आम्ही टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर घेतले. ढोलाचा आवाज पुढे गेला आणि चित्र मात्र पहिल्या फेरातच अडकून बसले. संगणकावरचा भार दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला तर ८ जीबी रॅमपैकी (चालू कामासाठीच्या तात्पुरत्या स्मृतीपैकी) ७ जीबीहून अधिक वापरात होती. रॅम वाढवावी म्हणून मागचे झाकण काढले, तेव्हा ती मदरबोर्डवरच (संगणकाच्या मुख्य पट्टीवर) पक्की बसवलेली निघाली. जादा स्लॉट नव्हताच. तिचे वडील तो उघडा लॅपटॉप बराच वेळ नुसते पाहत राहिले. उसाच्या बिलातून अजून दहा हप्ते फेडायचे होते.

‘आय-फाइव्ह’ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मेंदूच्या, केवळ घराण्याचे नाव आहे, ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही. २०१३ सालची चौथी पिढी आणि २०२१ अखेरीस आलेली बारावी पिढी, दोन्ही याच नावाने विकल्या जातात, आणि एकाच पिढीतही क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ असलेला प्रोसेसर बॅटरी वाचवण्यासाठी, तर ‘एच’ असलेला जड कामासाठी बनवलेला असतो. म्हणून बिल करण्यापूर्वी प्रोसेसरचा संपूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. रॅम किमान १६ जीबी असावी आणि पुढे वाढवता येते का, हे लेखी विचारावे. फोनचे चित्रीकरण बहुधा एच २६४ किंवा एच २६५ या पद्धतीने साठवले जाते, आणि त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. काही फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ झालेला बदल नोंदलेला असतो. त्यामुळे एक दृश्य दाखवण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. चित्रपट पाहताना सुरळीत चालणारा लॅपटॉप एडिटिंगला बसल्यावर का अडखळतो, याचे एक मोठे कारण हे आहे.

साठवणुकीचा हिशेब तर सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने केलेले एक तासाचे चित्रीकरण सुमारे ४५ जीबी जागा घेते. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एसएसडी ही वेगवान डिस्क, आणि जुने काम ठेवण्यासाठी वेगळी साधी हार्ड डिस्क, ही विभागणी कमी खर्चात होते.

माझे स्पष्ट मत असे आहे की, वसतिगृहात राहावे लागत नसेल तर शिकणाऱ्याने लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप घ्यावा. त्याच पैशात अधिक क्षमता मिळते, स्क्रीन मोठा मिळतो, आणि आज ग्राफिक कार्ड (चित्रांचे जड काम सांभाळणारा वेगळा भाग) परवडत नसेल तर ते वर्षभराने बसवता येते. कार्यालयांतून निघालेले, तपासून पुन्हा विकले जाणारे डेस्कटॉपही चांगले पर्याय आहेत. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार (सपोर्ट) संपला असून विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, हे लक्षात ठेवावे. त्याआधीच्या पिढ्यांची यंत्रे सध्या स्वस्तात मिळतात, ती याच कारणाने. शिवाय बारक्या केबिनेटमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) लहान असतो आणि उंच कार्ड मावत नाही. तिथे जीटीएक्स १६५० या ग्राफिक कार्डचे कमी उंचीचे, वेगळी वीजजोडणी न लागणारे मॉडेल शोधावे लागते. आमच्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून यूपीएसचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत. रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार होण्याचे काम, ९० टक्क्यांवर असताना वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

सॉफ्टवेअरसाठी मात्र सुरुवातीला एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी पुरेशी आहे, पण तिला दमदार यंत्र लागते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मोफत सॉफ्टवेअर त्या मानाने साध्या संगणकावरही चालतात. तिन्हींमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. मूळ चित्रीकरणाच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर काम करायचे, आणि अंतिम रेंडर मूळ फाइलवरून घ्यायचे. त्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर आम्ही केडेनलाइव्ह टाकले आणि प्रॉक्सी बनवल्या. गजीनृत्याचे चार मिनिटांचे संकलन तिने तीन दिवसांत पूर्ण केले, ढोलाच्या ठेक्यावर कट बरोबर बसवून. रेंडरला मात्र जवळजवळ दोन तास लागले.

तिने ज्या खासगी क्लासमध्ये प्रवेश घेतला होता, तेथे फी भरताना संगणकाबाबत एक शब्दही सांगण्यात आला नव्हता. म्हणून एडिटिंग शिकवणाऱ्या सर्व संस्थांना माझी आग्रहाची विनंती आहे की, प्रवेशपत्रकावरच किमान रॅम, प्रोसेसरची पिढी, ग्राफिक मेमरी आणि कोणते सॉफ्टवेअर शिकवले जाणार आहे, हे मराठीत छापावे, आणि पहिला महिनाभर संस्थेच्याच संगणकांवर सराव करू द्यावा, जेणेकरून पालकांना घाईने खरेदी करावी लागणार नाही. पालकांनीही मुलाच्या फोनमधील एखादे चित्रीकरण पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जावे आणि ते एडिटिंगच्या टाइमलाइनवर चालवून दाखवण्यास सांगावे. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि जो दुकानदार तेवढा वेळ देण्यास तयार नसेल, त्याच्याकडे हप्त्याच्या कागदांवर सही करू नये.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)