हिरव्या टोपणाच्या बल्बसाठी आभार

नागपूर

प्रिय ताई,

नवतप्यात पारा ४५ अंशांवर असताना सीएलएलच्या (बी-पेशी या पांढऱ्या पेशींच्या रक्तकर्करोगाच्या) रुग्णांचे रक्त तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत जिवंत पोहोचवलेत. मनापासून आभार!

‘जिवंत’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेला जांभळ्या टोपणाचा बल्ब पेशी मोजायला उत्तम. पण आम्हाला पेशी डिवचून त्यांचा प्रतिसाद पाहायचा असतो. त्याला कॅल्शियम लागते आणि ईडीटीए नेमके तेच बांधून टाकते. म्हणून हेपॅरिन या दुसऱ्या गोठणरोधकाचा हिरवा बल्ब. तो तुम्ही एकदाही चुकवला नाहीत.

सगळी धडपड पीआय३के डेल्टा या एन्झाइमसाठी. ते मुख्यतः पांढऱ्या पेशींत असते. पेशीच्या आवरणातल्या पीआयपी२ या लिपिडला ते एक फॉस्फेट जोडते, की पीआयपी३ तयार. त्यावर एकेटी हे प्रथिन येऊन चिकटते, स्वतःवर फॉस्फेट बसून चालू होते आणि मरायला हवी ती बी-पेशी तगून राहते. हे एन्झाइम रोखणारी आयडेलालिसिब ही गोळी अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाली. ती सुरू केल्यावर आधी रक्तात लिम्फोसाइट (बी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसू शकतात. लसिकाग्रंथींच्या गाठींतल्या पेशी रक्तात उतरतात म्हणून. औषध फसले असे नव्हे. जोराचे जुलाब, यकृताला इजा, फुप्फुसाचा दाह हे मात्र तिचे खरे धोके. म्हणूनच कुणाच्या पेशी या एन्झाइमवर किती विसंबून आहेत, हे शोधणे आम्हाला मोलाचे वाटते.

ते कळते एकेटीवरच्या फॉस्फेटवरून, आणि ते फॉस्फेट काही मिनिटांत निघून जाते. पेशी डिवचल्या की त्यांना आहे त्या स्थितीत थांबवायला ठरल्या मिनिटाला १.६ टक्के फॉर्माल्डिहाइड, १० मिनिटे. मग बर्फगार मिथेनॉल. पण वाटेतच रक्त बिघडले तर हे सारे वाया. गाडीच्या उन्हाने तापलेल्या डिक्कीत पेशी मरतात. बर्फाला टेकलेल्या बल्बमधले रक्त गारठते आणि फायकॉल या पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रावावर थर नीट सुटत नाही. तुम्ही बल्ब वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळून, जेल पॅकपासून दूर, थर्मोकोलच्या डब्यात उभे आणलेत. रक्त घेतल्यावर बल्ब जोरात न हलवता आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट केलात, म्हणून ना गुठळी, ना फुटलेल्या लाल पेशी.

आणि ती चिठ्ठी! एका बल्बवर वेळेखाली तुम्ही लिहिले होते, ‘रात्री प्रेडनिसोलोन घेतली आहे.’ स्टेरॉइडने लिम्फोसाइट बदलतात. ही ओळ नसती तर तो निकाल आम्ही चुकीचा वाचला असता.

नवे हिरवे बल्ब सोमवारी पाठवतो.

तुमचे,
प्रयोगशाळेतले सगळे